कोणत्या कोर्टाची पायरी?

अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यातल्या नेवार्कच्या वॉलनट स्ट्रीटवरील फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टाच्या दारात त्या सकाळी माझ्या पुढे एक वृद्ध गृहस्थ रांगेत उभे होते. फेब्रुवारीचे दिवस होते. फुटपाथच्या कडेला लोटलेला बर्फ काजळी धरून बसला होता, आणि दार उघडले की बाहेरची बोचरी हवा आतल्या कोरड्या उबेत शिरून ओल्या लोकरीचा वास सुटत होता. त्या गृहस्थांच्या हातात किराणा दुकानाची पिशवी होती आणि पिशवीत, ओल लागू नये म्हणून आणखी एका पारदर्शक पिशवीत घातलेले, चार घड्यांचे कागद. कोट जुन्या कापाचा, पण इस्त्री केलेला, गळ्यात टाय. टाय पाहूनच मी ताडले की हे ज्युरीच्या, म्हणजे खटल्याचा निकाल द्यायला बोलावलेल्या सामान्य नागरिकांच्या, कामाला आलेले नाहीत. ज्युरीचे बोलावणे आलेली माझ्यासारखी माणसे स्वेटर चढवून, पुस्तक आणि डबा घेऊन, आता दिवस कसा काढायचा या विवंचनेत येतात. ज्याचे काही पणाला लागलेले असते तो टाय लावून येतो.

निळ्या ब्लेझरमधल्या सुरक्षारक्षकाने कागद उलगडला, वाचला आणि पुन्हा नीट घडी घालून परत दिला. त्याचा आवाज मुळीच चढा नव्हता. आजारी माणसाशी बोलावे तसा तो बोलला. "सर, हे काउंटीचं कोर्ट नाही. हे फेडरल कोर्ट आहे. तुमचा नातू इथे नाही." गृहस्थांनी मान वर करून भिंतीवरच्या गरुडाच्या मुद्रेकडे पाहिले. "पण हे कोर्टच आहे ना?" "कोर्टच आहे. पण तुमचं नाही." कागदावरच्या पत्त्यात इमारतीचा क्रमांक 50 होता, आणि आम्ही उभे होतो त्या इमारतीचाही 50. फरक रस्त्याचा होता; इथे वॉलनट स्ट्रीट, आणि काउंटीचे, म्हणजे राज्यातल्या जिल्ह्याचे, कोर्ट होते तिथे वेस्ट मार्केट स्ट्रीट. टॅक्सीवाल्याने 'कोर्ट' आणि 'पन्नास' एवढेच ऐकले असावे. घड्याळात नऊला दहा कमी होते आणि कागदावरची वेळ नऊची होती. पोर्तुगीज वळणाच्या इंग्रजीत त्या गृहस्थांनी रक्षकाचे आभार मानले, पिशवी छातीशी धरली आणि ते दाराकडे वळले. मला तो रस्ता ठाऊक होता. दोन वाक्यांत सांगता आला असता. खरे तर सोबत जाताही आले असते, कारण ज्युरीच्या दालनात पहिला तास हजेरी आणि सूचना यांतच जातो हे मला अनुभवाने माहीत होते. पण माझ्या मागे माणसे होती, तपासणीचा पट्टा फिरत होता, रक्षकाने मला पुढे बोलावले आणि मी पर्स पट्ट्यावर ठेवली.

तुमचा नातू इथे नाही.

दिवसभर ते वाक्य माझ्या कानांत राहिले. त्यात खोटे काही नव्हते आणि उर्मटपणाही नव्हता. तरीही एखाद्या शहरात सकाळी नऊच्या ठोक्याला एकाच वेळी दोन न्यायव्यवस्थांची दारे उघडतात, दोन्हींवर 'कोर्ट' असे लिहिलेले असते, दोन्हींत काळे झगे घातलेले न्यायाधीश बसतात, आणि आपला माणूस यांपैकी कोणाच्या ताब्यात आहे हे आजोबाला ठाऊक नसते, ही गोष्ट मला गेली वीस वर्षे माहीत असूनही त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणत असू, चिपळूणच्या कोर्टात नाझर, म्हणजे कोर्टाचे पैसे आणि समन्सांची बजावणी सांभाळणारे कर्मचारी, होते. माझ्या लहानपणी कोर्ट म्हणजे कौले, लाकडी कठडा, लाखेचा जळका वास, लाल फितीने बांधलेले आणि पावसाळ्यात फुगणारे कागदांचे गठ्ठे, आणि पट्टेवाल्याचा तो लांबवलेला पुकारा. व्हरांड्यात पक्षकार उकिडवे बसलेले असत. कोणी भाकरीचे गाठोडे सोडी, कोणी वकिलाच्या कारकुनाच्या मागे मागे फिरे. अप्पांच्या दृष्टीने न्यायव्यवस्थेत गूढ असे काही नव्हते. ती एक शिडी होती. चिपळूण, रत्नागिरी, मुंबई, दिल्ली, अशी ती ते एखाद्या पॅसेंजर गाडीची स्थानके सांगावीत तशी सांगत. खालच्या कोर्टात हरलात तर वरच्या पायरीवर जा, तिथे हरलात तर त्याच्या वर. भाडेकरूचा दावा राज्याच्या कायद्याखाली असो की खुनाचा खटला केंद्राच्या कायद्याखाली, जिल्ह्याचे न्यायालय तेच, शिडी तीच. राज्य आणि केंद्र यांची भांडणे वर्तमानपत्रात होत असत. कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांचा पत्ता नसे. आता कोल्हापूरला सर्किट बेंच झाल्यापासून मुंबईचे स्थानक आमच्या रत्नागिरीपुरते जरा हलले आहे, पण शिडी एकच आहे.

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण अप्पांना मनापासून नावडे. "मी तीस वर्षं रोज चढतोय, मग मी काय खुळा?" असे ते विचारत आणि स्वतःच हसत. इथे आल्यावर मला वाटू लागले की त्या म्हणीत एक शब्द कमी आहे. कोणत्या कोर्टाची?

या प्रश्नाशी माझी पहिली गाठ पडली ती अगदी विनोदी रीतीने. नात्यातल्या एका मुलीचा संसार न्यूयॉर्कमध्ये मोडला. मी आईला फोनवर सांगितले की प्रकरण सुप्रीम कोर्टात आहे. पलीकडे बराच वेळ शांतता पसरली. मग आई दबक्या आवाजात म्हणाली, "अगं, घटस्फोटासाठी थेट सुप्रीम कोर्ट? एवढं काय केलं गं त्यानं?" मला हसू आवरेना, आणि समजावताना माझीच तारांबळ उडाली, कारण न्यूयॉर्क राज्यात सुप्रीम कोर्ट हे सर्वोच्च नव्हे, तर खटले मुळात चालतात ते कोर्ट आहे, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला कोर्ट ऑफ अपील्स म्हणतात. शेजारच्या आमच्या न्यू जर्सीत मात्र सुप्रीम कोर्ट खरोखरच सर्वांत वर, ट्रेंटनला, आणि त्यात सात न्यायाधीश. मेरीलँडनेही आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे कोर्ट ऑफ अपील्स हे नाव 2022 च्या डिसेंबरात बदलून सुप्रीम कोर्ट केले. "म्हणजे प्रत्येक राज्याची वेगळीच तऱ्हा?" आईने विचारले. मी म्हणाले, प्रत्येक राज्याची स्वतःची शिडी, अशा पन्नास शिड्या, आणि त्यांच्या शेजारी देशाची म्हणून आणखी एक. तेव्हा अप्पा मागून ओरडल्याचे ऐकू आले, "मग नाझर किती?"

अप्पांना सविस्तर सांगण्याचा प्रसंग पुढे त्यांच्या इथल्या एकुलत्या एक मुक्कामात आला. आम्ही एडिसनमध्ये राहत होतो आणि मला मिडलसेक्स काउंटीचे ज्युरीचे बोलावणे आले होते. ते राज्याचे बोलावणे. न्यू ब्रन्सविकला जायचे. आपल्याकडून ज्युरी कधीच हद्दपार झाली, त्यामुळे आपली लेक न्यायदानाला निघाली याचे त्यांना भारी अप्रूप वाटले. भत्ता किती, हा नाझराला शोभणारा प्रश्न त्यांनी लगेच विचारला. दिवसाला 5 डॉलर. त्यांनी मनातल्या मनात रुपये केले, मग इथल्या कॉफीचा भाव आठवला आणि ते काहीच बोलले नाहीत. फेडरल कोर्ट ज्युरीला दिवसाला 50 डॉलर देते हे मला पुढे कळले. एका शून्याचा हा फरक मला या दोन व्यवस्थांचे पुष्कळ काही सांगून जातो, कारण काम उलट्या प्रमाणात आहे. या देशातल्या शंभर खटल्यांपैकी नव्वदहून अधिक राज्यांच्या कोर्टांत चालतात. लग्न, घटस्फोट, मुलांचा ताबा, मृत्युपत्र, घरभाडे, गाडीचा अपघात, चोरी, मारामारी, खून. म्हणजे माणसाच्या आयुष्यात जे खरोखर घडते ते बहुतेक सगळे राज्याच्या पदरात. मी न्यू ब्रन्सविकला बसले तो खटला दुकानाच्या पायरीवरच्या बर्फावर घसरून पडलेल्या एका माणसाचा होता. पायरीवर मीठ टाकले होते की नाही, यावर आम्ही अनोळखी माणसांनी दोन दिवस घातले. ती चर्चा इतकी घरगुती होती की मधूनच मला आमच्या वाडीतल्या बांधावरच्या तंट्यांची आठवण येई.

नेवार्कला मात्र सगळेच निराळे होते. छत उंच, गालिचा दाट, आवाज खाली. ज्या खटल्यासाठी आमची पन्नासेक जणांची तुकडी वर नेली, तो टपालातून फसवणूक केल्याचा होता. फसवणूक तर राज्याच्या कायद्यानेही गुन्हाच आहे. पण फसवण्यासाठी टपालाचा वापर केला की ते प्रकरण देशाचे होते. असा कायदा इथे 1872 पासून आहे. एका तिकिटाने गुन्ह्याचे घर बदलते. याशिवाय दिवाळखोरी, पेटंट, कॉपीराइट हे फेडरल कोर्टाचे राखीव विषय. आणि दोन वेगवेगळ्या राज्यांतले पक्षकार 75,000 डॉलरहून मोठ्या रकमेसाठी भांडत असतील तर त्यांनाही इथे येता येते, कारण संविधान लिहिणाऱ्यांना भीती होती की परक्या राज्यातल्या माणसाला तिथले कोर्ट सावत्रपणे वागवील. 1789 साली पहिल्याच काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, कायदा करून ही फेडरल कोर्टे उभी केली. आज त्यांचे 94 जिल्हे आहेत, न्यू जर्सी हा त्यांपैकी एक; त्यांच्या वर अपिलाची तेरा न्यायालये, आणि सर्वांत वर वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाचे नऊजण. आमच्या जिल्ह्याचे अपील फिलाडेल्फियाला जाते.

न्यायाधीश नेमण्याच्या पद्धतीवर अप्पांशी माझा खरा वाद झाला. फेडरल न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट संमती देते, आणि मग वर्तन चांगले असेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, त्यांना कोणी हलवू शकत नाही. न्यू जर्सीत गव्हर्नर नेमतात, सात वर्षांनी पुन्हा नेमले गेले तर सत्तराव्या वर्षापर्यंत खुर्ची पक्की. इथवर अप्पांना पटले. मग एका रविवारी आम्ही डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलो. ऑक्टोबर होता, झाडे पेटल्यासारखी लाल झाली होती, आणि घरांसमोरच्या हिरवळीवर भोपळ्यांच्या शेजारी पाट्या खोचलेल्या होत्या: अमुक यांना न्यायाधीश म्हणून निवडून द्या. अप्पांनी गाडी थांबवायला लावली. खाली उतरून त्यांनी ती पाटी जवळून वाचली. "न्यायाधीश मतं मागतो?" मी सांगितले की पेनसिल्व्हेनियात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीशसुद्धा पक्षाच्या नावावर निवडून येतात, दहा वर्षांसाठी. ते परत गाडीत बसले, पट्टा लावला आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "साहेबांनी आमच्याकडे मत मागितलं असतं तर मी दिलं नसतं." कोणत्या साहेबांना, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितले नाही.

या सगळ्या पसाऱ्याचा उपयोग काय, हा प्रश्न मीही कैक वर्षे विचारत होते. एकाच गावात दोन तराजू कशाला? त्याचे उत्तर मला माझ्या मालमत्ता कराच्या बिलात सापडले. न्यू जर्सीतल्या आम्हा मराठी मंडळींच्या दिवाळी फराळापासून गणपतीच्या आरतीपर्यंत कुठेही चार जण जमले की या कराचे रडगाणे सुरू होते, कारण शाळांचा मोठा खर्च त्यातून चालतो. ज्या गावात घरे महाग तिथल्या शाळा श्रीमंत, ज्या गावात स्वस्त तिथल्या गरीब. हा अन्याय आहे म्हणून टेक्सासमधले काही पालक फेडरल सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1973 च्या मार्चमध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की अमेरिकेच्या संविधानात शिक्षणाच्या समान खर्चाचा हक्क नाही. देशाचे दार बंद झाले. त्यानंतर दोन आठवडेसुद्धा उलटले नसतील, तोच ट्रेंटनमध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्या राज्याचे संविधान उघडले. त्यात मुलांना 'परिपूर्ण आणि कार्यक्षम' शिक्षण देण्याचे कलम होते, आणि त्या आधारे त्याने शाळांच्या खर्चाची सारी पद्धत बेकायदा ठरवली. विधिमंडळ पैसे उभे करीना, तेव्हा 1976 च्या जुलैत कोर्टाने शाळांवर खर्च करण्यालाच मनाई केली. सुट्टीतल्या शाळांना कुलपे लागली, विधिमंडळ घाबरले, आणि राज्यात आयकर आला. वॉशिंग्टनचे नऊजण यात काही करू शकत नव्हते, कारण न्यू जर्सीच्या कायद्याचा अर्थ काय हे सांगण्याचा शेवटचा अधिकार न्यू जर्सीच्या कोर्टाचा आहे. राज्याच्या निकालाला वॉशिंग्टनने हात घालायचा तर त्यात देशाच्या कायद्याचा प्रश्न असावा लागतो, आणि तो असला तरी हजारो अर्जांतून वर्षाला साठ-सत्तरच ऐकले जातात, तेही नवांपैकी चौघांनी होकार दिला तर. अप्पांच्या शिडीत दिल्लीचा शब्द सर्वांच्या वर असे. इथे कित्येक गोष्टींत शेवटचे स्थानक ट्रेंटनच आहे. मला हे ऐकून आधी चमत्कारिक वाटले, आणि मग, कराच्या बिलावर कितीही चडफडले तरी, मनातून बरेही वाटले.

पण तराजू दोन असले की माणूस दोनदाही तोलला जाऊ शकतो. टेरन्स गॅम्बल नावाच्या माणसाकडे अलाबामात पोलिसांना पिस्तूल सापडले. पूर्वीच्या गुन्ह्यामुळे त्याला शस्त्र बाळगण्याची बंदी होती. अलाबामाने त्याला शिक्षा दिली, आणि मग त्याच पिस्तुलासाठी फेडरल सरकारनेही खटला भरला. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला नको असे संविधान सांगते, हे त्याचे म्हणणे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी फेटाळले: राज्य एक सार्वभौम, देश दुसरा सार्वभौम, म्हणून गुन्हे दोन. निकाल तर्काला धरून आहे, हे मला मान्य आहे. पण दोन मालकांच्या शेताच्या मधल्या बांधावर उभ्या राहिलेल्या बैलाला दोघांनीही चाबूक मारावा आणि प्रत्येकाने म्हणावे की मी माझ्याच हद्दीत मारला, तसे काहीसे ते मला वाटत आले आहे.

आणि तरीही, याच दुहेरीपणाने एका आपल्या माणसाला वाचवले होते. सखाराम गणेश पंडित. हे नाव मला प्रथम एका जुन्या निकालात इंग्रजी अक्षरांत भेटले आणि मी खुर्चीत सरळ बसले. शंभर वर्षांपूर्वीच्या कॅलिफोर्नियाच्या कागदांत हे नाव म्हणजे परक्या बाजारात कोणी 'काय गं' म्हणून हाक मारावी तसे होते. त्या काळी नागरिकत्व 'गोऱ्या' माणसांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच मिळे, आणि ते देण्याचे काम कोर्टांचे असे. फेडरल कोर्टांचे आणि राज्यांच्या कोर्टांचेही. पंडित गेले ते लॉस एंजेलिसच्या सुपीरियर कोर्टात, म्हणजे राज्याच्या कोर्टात. सरकारने तिथे हरकत घेतली की हा माणूस गोरा नाही. न्यायाधीशाने दोन्ही बाजू ऐकल्या आणि 1914 मध्ये पंडितांना नागरिक केले. सरकारने अपील केले नाही. पंडित पुढे वकील झाले. मग 1923 साली, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात राहिलेल्या भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवले की हिंदुस्थानी माणूस 'गोरा' नव्हे. थिंड यांच्या बाजूने लढणाऱ्या वकिलांत पंडितही होते. निकाल लागताच सरकारने आधी नागरिक झालेल्या हिंदी लोकांची प्रमाणपत्रे रद्द करून घेण्याचा सपाटा लावला. ज्यांचे नागरिकत्व असे गेले त्यांतले वैष्णो दास बगाई हे सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी. त्यांनी 1928 मध्ये आत्महत्या केली. पंडितांवरही खटला भरला गेला, फेडरल कोर्टात.

पंडित जिंकले. 1926 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल अपील न्यायालयाने सरकारचे अपील फेटाळले. पंडित गोरे आहेत असे त्याने म्हटले नाही. थिंड निकालानंतर तसे म्हणणे शक्यच नव्हते. त्याने म्हटले ते एवढेच की हाच प्रश्न, याच दोन पक्षांमध्ये, राज्याच्या सक्षम कोर्टापुढे लढला गेला आहे आणि निकाली निघाला आहे. निकाल चुकला असे सरकारला वाटत होते तर तेव्हाच अपील करायचे होते. 1927 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण हाती घ्यायला नकार दिला, आणि अशा उरलेल्या खटल्यांचा नाद सरकारने पुढे सोडून दिला. मी हे फोनवर अप्पांना वाचून दाखवले तेव्हा ते एकदम खुलले. "प्राङ्न्याय!" ते म्हणाले. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 11 तर त्यांना तोंडपाठ होतेच, पण हा जुना धर्मशास्त्रातला शब्द त्यांचा विशेष लाडका: प्रतिवादीने द्यायच्या चार उत्तरांपैकी एक, की या वादाचा न्याय पूर्वीच झालेला आहे. "म्हणजे बघ," ते म्हणाले, "खालच्या कोर्टाच्या एका कागदानं दिल्लीला गप्प केलं." मी म्हणाले, अप्पा, ते खालचे कोर्ट नव्हते, बाजूचे होते. ते थोडा वेळ थांबले. "हां," ते म्हणाले, "बाजूचं." अप्पांशी कोर्टाबद्दल झालेले माझे ते शेवटचे बोलणे. पुढच्या पावसाळ्यात ते गेले.

नेवार्कमधल्या त्या टपालाच्या खटल्यात माझी निवड झाली नाही. दोन्ही वकिलांनी प्रश्न विचारले. वडील काय करत होते या प्रश्नावर मी 'कोर्टात कारकून' असे उत्तर दिले, कारण नाझर या शब्दाला इंग्रजी कुठून आणू? आणि दुपारी अडीचला न्यायाधीशांनी आमचे आभार मानून आम्हाला मोकळे केले. बाहेर ऊन पडले होते, पण त्यात ऊब नव्हती. परतीची गाडी पकडायला पेन स्टेशनकडे वळायचे, ती मी उलट दिशेला वळले. ब्रॉड स्ट्रीट ओलांडून मार्केट स्ट्रीटचा चढ चढू लागले. निघताना मी घड्याळ पाहून ठेवले होते.

चढावर डाव्या-उजव्या बाजूंना फोनची, विगांची, स्वस्त सोन्याची दुकाने लागतात. भाजलेल्या कोंबडीचा वास येतो. फुटपाथवर सकाळी वितळलेले पाणी सावलीत पुन्हा गोठले होते आणि मी भिंतीच्या कडेने, हात टेकत चालत होते. वर काउंटीचे जुने कोर्टहाउस दिसते, 1907 चे, संगमरवरी, खांबांचे. ते कास गिल्बर्ट यांनी बांधले, आणि वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाची 1935 मध्ये उघडलेली इमारतही त्यांचीच. समोर अब्राहम लिंकन एका बाकावर बसलेले आहेत, टोपी शेजारी काढून ठेवलेली. हा ब्राँझचा पुतळा 1911 पासून तिथे आहे आणि गटझन बोरग्लम यांनी तो चौथऱ्यावर न चढवता माणसांच्या पातळीवर बसवला, त्यामुळे बाकाच्या मोकळ्या जागेवर कोणीही जाऊन बसावे. लिंकनच्या मांडीवर लहान मुलांनी चढून चढून धातू सोन्यासारखा चकाकतो. त्या दिवशी बाकावर बर्फाचे पाणी होते, आणि कोणी बसलेले नव्हते. जवळच व्हेटरन्स कोर्टहाउस, पत्ता 50, वेस्ट मार्केट स्ट्रीट. दाराशी पोहोचले तेव्हा मी घड्याळ पाहिले. माझ्या पायांनी अठरा मिनिटे. त्या गृहस्थांच्या पायांनी, त्या चढावर, त्या बर्फावर, अर्ध्या तासाहून कमी नाही.

काचेच्या दारातून आत पाहिले. इथला सुरक्षारक्षक काउंटीच्या शेरीफच्या गणवेशात होता, छत ठेंगणे होते, लहान मुले रडत होती, कोणीतरी चिप्स खात होते, आणि भिंतीला टेकून बसलेल्या बायकांच्या मांड्यांवर कागदांच्या पिशव्या होत्या. चिपळूणच्या व्हरांड्याची आठवण यावी इतकी ती गर्दी ओळखीची होती. मी टाय लावलेला कोणी दिसतो का ते पाहिले. दुपारचे तीन वाजत आले होते. सकाळी नऊचा पुकारा केव्हाच होऊन गेला असणार. मला त्यांचे आडनाव ठाऊक नव्हते, नातवाचे नाव ठाऊक नव्हते, आरोप काय तेही ठाऊक नव्हते. माझ्या मागे दार उघडे राहून थंडी आत येऊ लागली तेव्हा रक्षकाने मान वर केली आणि माझ्या कोटाला अजून लटकलेला फेडरल ज्युरीचा बिल्ला पाहिला.

"मॅडम, तुमचं कोर्ट हे नाही," तो म्हणाला. "ते खाली, वॉलनट स्ट्रीटवर."

मी म्हणाले, हो, तिथूनच आले. आणि बिल्ला काढून पर्समध्ये ठेवला.